एनसीव्हीचा रिपोर्ट हातात, डॉक्टर पुढच्या महिन्यात

मी फोंड्याकडचा, देवळांतल्या भजनांना पेटीची साथ करतो. उजव्या हाताचा अंगठा आणि शेजारची दोन बोटं बधिर व्हायला लागली. करंगळी मात्र ठणठणीत. एनसीव्ही, म्हणजे विजेचा हलका झटका देऊन नसा तपासायची टेस्ट, झाली, पण न्यूरोलॉजिस्टची तारीख पुढच्या महिन्यातली. तोवर रिपोर्टमधले ठळक छापलेले आकडे बघून झोप उडवून घेण्यात अर्थ नाही.

आधी नसेचं नाव बघा. मीडियन ही अंगठ्यापासून अर्ध्या अनामिकेपर्यंतची, अल्नर करंगळीकडची. पायात पेरोनियल, टिबियल, सुरल. त्रास जिथे आहे, तिथलीच नस बिघडलेली दिसते का, एवढं जुळवा.

मग तीन रकाने. लेटन्सी म्हणजे झटका दिल्यापासून लाट उमटेपर्यंतचा वेळ. व्हेलॉसिटी म्हणजे वेग. मोठ्या माणसाच्या हातात सेकंदाला साधारण ५० मीटर, पायात ४० च्या वर असला की ठीक धरतात. अँप्लिट्यूड म्हणजे लाटेची उंची. पेटीवाल्याच्या हिशेबात सांगायचं तर, सूर दणदणीत पण उशिरा लागतोय, की वेळेवर लागतोय पण बारीक? उशीर असेल तर ढोबळमानाने नसेवरचं आवरण बिघडलंय किंवा ती कुठे दाबली जातेय. बारीक असेल तर आतले तंतूच झिजलेत. माझ्या उजव्या मीडियनची मनगटाजवळची लेटन्सी ५.१ मिलिसेकंद, डावीची ३.६, अल्नर दोन्हीकडे चांगली. उंचीही शाबूत. म्हणजे संशय मनगटावर, मीडियन नस जिथून जाते त्या अरुंद बोगद्यावर, कार्पल टनेलवर. शिक्का डॉक्टरच मारणार.

हात गार असला तर चांगली नसही मंद दिसते. त्वचा ३२ अंशांच्या खाली नको. माझी टेस्ट भर पावसात, एसीच्या खोलीत. तिथल्या मुलीने आधी हात कोमट पाण्यात धरायला लावला, शहाणी पोर. तुमच्या रिपोर्टवर तापमान नसेल तर डॉक्टरांना पहिलं तेच विचारा.

रिपोर्ट नॉर्मल आला म्हणून तळपायाची आग खोटी ठरत नाही. अगदी बारीक तंतूंचा बिघाड या टेस्टमध्ये दिसतच नाही. सुईची ईएमजी, म्हणजे स्नायूत सुई घालून करायची टेस्ट, दुखापतीनंतर लगेच केली असेल तर तीही फसवते. स्नायूतले बदल उमटायला दोन-तीन आठवडे जातात.

फाइलमध्ये साखरेचे, थायरॉइडचे, बी-१२ चे रिपोर्ट आणि चालू औषधांची यादी ठेवा. बी-१२ तपासलं नसेल तर आधी रक्त द्या, मग गोळ्या. शेजारी लगेच गोळ्या सुचवतात, आमच्याकडे तर हमखास. लाटांच्या आलेखांची पानंही न्या, नुसता निष्कर्षाचा कागद पुरत नाही.

पण पायांतली कमजोरी दिवसागणिक वर चढतेय, श्वास घ्यायला किंवा गिळायला जड जातंय, लघवी अडकलीय किंवा बसायची जागा बधिर झालीय, तर तारीखबिरीख विसरा. १०८ ला फोन करा आणि थेट बांबोळीला गोमेकॉच्या, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजच्या, कॅज्युअल्टीत जा.