'दुखणं जुनंच आहे' म्हणून नाकारलेला अपघाताचा दावा कसा मंजूर झाला

लक्षण: मागून गाडीची धडक, कमरेतून पायात उतरणारी कळ आणि समोरच्याच्या विमा कंपनीचं पत्र, 'मणक्याची झीज जुनीच, भरपाई देय नाही.'

बिलं पुन्हा पाठवली, तक्रारी केल्या. तेच छापील उत्तर. फार मनस्ताप झाला.

मग आधी अपघातापूर्वीचा एमआरआय आणि केसपेपर मिळवले. ते लपवावेसे वाटतात, पण खरा पुरावा तोच: त्यात झीज होती, नस दबलेली नव्हती. नंतर अपघाताआधीचा आणि अपघातानंतरचा असे दोन्ही एमआरआय उपचार करणाऱ्या डॉक्टरांपुढे ठेवून लेखी मत घेतलं: आधी काय होतं, नवं काय, आणि नवी इजा धडकेनेच होण्याची शक्यता जास्त का. 'असू शकते' एवढं मोघम वाक्य चालत नाही. मग वकिलांची नोटीस गेली. आधार असा: जखमी माणूस मुळात नाजूक असला, तरी धडक देणाऱ्याची जबाबदारी कमी होत नाही. इंग्लंडमध्ये १९०१ च्या ड्युलियू विरुद्ध व्हाइट खटल्यात हे मांडलं गेलं, आणि अनेक देशांतली न्यायालयं ते मानतात. जुन्या झिजेवरचा खर्च आम्ही स्वतःहून वगळला. माझ्या मते त्यानेच विश्वास बसला. कंपनीने नकार मागे घेतला.

या पत्रापत्रीत दावा दाखल करायची मुदत निघून जाऊ शकते. शेवटची तारीख वकिलांकडून पहिल्याच भेटीत लिहून घ्या.