किनाऱ्यावरचं चित्र घरी काळपट दिसतं? माझा अनुभव

दिवेआगरला झकास वाटणारं जलरंगातलं चित्र पुण्यात घरी आणलं की काळपट दिसायचं, सावल्याही दोन दिशांना. कागद बदलला, महागडे रंग आणले, फरक शून्य. पार वैतागलो.

काळपटपणाचं कारण निघालं कागदावरचं थेट ऊन. पांढरा कागद इतका चकाकतो की हात आपोआप गडद रंग उचलतो. आता कागद आणि पॅलेट दोन्ही सावलीत ठेवतो. छत्री करडी, रंगीत छत्रीची झाक कागदावर उतरते. आधी पेन्सिलीने उजळ, मध्यम, गडद अशा तीन छटांचं छोटं टिपण, कडेला सूर्याच्या दिशेचा बाण. सूर्य सरकला की सावल्या फिरतात, म्हणून दोन दिशा; मग लगेच सावल्यांचे आकार पातळ निळसर रंगात. ते पुन्हा हलवायचे नाहीत. आकाश त्यानंतर, आणि ओल्या वाळूत तोच रंग किंचित गडद. संध्याकाळी कोकणात ऊन समुद्राकडून, थेट समोरून येतं. तेव्हा सरळ नवा कागद घ्यायचा.