मालवणात बारके जीव शोधताना या चुका टाळा

तारकर्ली-मालवणला डाइव्ह करून 'काहीच दिसलं नाही' म्हणणारे बरेचदा स्वतःच पाणी गढूळ करून वर आलेले असतात.

सगळ्यात वाईट खोड म्हणजे तळावर गुडघे टेकणं. गेल्या मोसमात सिंधुदुर्ग किल्ल्याजवळच्या खडकावर आमच्या सोबत्याला समुद्री स्पंजावर बसलेला न्यूडीब्रँक (शंख नसलेली रंगीत समुद्री गोगलगाय) सापडला, जेमतेम नखाएवढा. त्याने खूण करताच मागचा नवखा मुलगा कॅमेरा पुढे धरून धप्पकन खाली बसला आणि उठण्यासाठी त्याने पाय झाडले. हातभर अंतरावरचं दिसेना. गाळ बसला तोवर परतायची वेळ झाली होती, आणि त्याच्या गुडघ्यात सी अर्चिनचे (काटेरी गोळ्यासारख्या समुद्री जीवाचे) काटे मोडले होते. मूळ दोष जास्त बांधलेल्या वजनाचा. पाण्याच्या पृष्ठभागावर उभं राहून बीसीडी (हवा भरून तरंगायचं जाकीट) रिकामी करून साधा श्वास धरला की पाणी डोळ्यांशी यायला हवं. सिलिंडर रिकामा होताना हलका होतो, तेवढंच वजन त्याहून जास्त घ्यायचं. मी हाताची घडी घालून, बेडकासारखे पाय मारत तळापासून वरच राहतो. हे जमेपर्यंत कॅमेरा किनाऱ्यावर ठेवा. इन्स्ट्रक्टरने सिलिंडर धरून फिरवलेल्या डाइव्हमध्ये हे शिकता येत नाही, त्यासाठी कोर्सच हवा. लोकांना तेवढा धीर नसतो, याचं वाईट वाटतं.

दुसरी चूक सुट्टी बघून येण्याची. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला ओढ जोरात असते, गाळ ढवळला जातो. मी अष्टमी-नवमीचा भांग (भरती-ओहोटी सौम्य असण्याचे दिवस) बघूनच सिलिंडर सांगून ठेवतो. तारीख जुळत नसेल तर पुढच्या पंधरवड्यात यावं.

भराभर पोहत खडकांमागून खडक पालथे घालू नका. एकच खडक धरा, त्यावरचे स्पंज आणि हायड्रॉइड (रोपट्यासारखे दिसणारे बारीक प्राणी) निरखा. न्यूडीब्रँक बहुधा आपल्या खाण्यावरच बसलेला असतो, आणि कित्येक जाती ठरावीक स्पंजच खातात.

टॉर्च दिवसाही न्या. खाली लाल रंग सगळ्यात आधी हरवतो, टॉर्चच्या उजेडात तो पुन्हा दिसतो.

खडकाला हात टेकू नका, तो खडकासारखाच दिसणारा, विषारी काट्यांचा स्कॉर्पियनफिश असू शकतो.

काडीने टोचून जीव 'चांगल्या' जागी आणणाऱ्यांबरोबर मी पुन्हा पाण्यात उतरत नाही. समुद्रघोडा आणि प्रवाळ १९७२ च्या वन्यजीव कायद्याने संरक्षित आहेत. न्यूडीब्रँकला खाण्यावरून उचलून वाळूवर ठेवलं, तर त्याला तो स्पंज पुन्हा सापडेलच असं नाही.