कमी पैशांत खलनायकाचा अड्डा: 'डॉ. नो'मधल्या काही युक्त्या

जेम्स बाँड मालिकेतला पहिला चित्रपट 'डॉ. नो' (1962) साधारण दहा लाख डॉलरमध्ये उरकला. युनिट जमैकात शूटिंग करत होतं तेव्हा कलादिग्दर्शक केन अ‍ॅडम लंडनजवळच्या पाइनवूड स्टुडिओत सेट उभारत होता, आणि सगळ्या सेटसाठी त्याला सुरुवातीला मिळाले होते 14,000 पौंड. त्यातली एक स्वस्तातली खोलीच लोकांच्या लक्षात राहिली. उतरतं छत, छताला जाळीचा गोल झरोका, एक खुर्ची, आठपायी कोळ्याचा पिंजरा ठेवलेलं टेबल. खलनायक डॉ. नो इथे दिसतच नाही, नुसता आवाज. भिंती-जमिनीवर पडलेली जाळीची तिरपी सावली हाच खरा सेट.

हे घरी करायचं तर 12 मिमी प्लायचं चार फूट व्यासाचं रिंगण कापा आणि त्यात तीन इंच रुंद पट्ट्या आडव्या-उभ्या ठोका. दिवा रिंगणापासून 3 मीटर आणि रिंगण जमिनीपासून 2 मीटर (अंतरं प्रकाशाच्या रेषेत मोजा) असेल, तर सावली सुमारे पावणेसात फुटांची पडते. प्रकाश तिरपा असला की आणखी लांबट. इथे बहुतेकांचं चुकतं ते दिव्यात. 60 सेंमीचा सॉफ्टबॉक्स (प्रकाश मऊ करणारी कापडी पेटी) लावलात तर सावलीची कड 40 सेंमी पसरते आणि पट्ट्या विरघळून जातात. सॉफ्टबॉक्स, डिफ्युजर सगळं काढा. अडीच सेंमीच्या उघड्या एलईडी चिपची कड पावणेदोन सेंमीच पसरते. बाकीचे दिवे बंद, भिंतींना फिकट राखाडी मॅट रंग. पांढऱ्या भिंतीवरून प्रकाश उसळतो आणि सावली धुऊन निघते. घराचं छत बुटकं असेल तर सावली पाडणारं रिंगण फ्रेमबाहेर ठेवा आणि दिसण्यापुरतं दुसरं टांगा. दोघांचा कल मात्र जुळायला हवा, तेवढं प्रेक्षक हमखास पकडतो.

कॅमेरा एकाच बाजूला ठेवा. चौथी भिंत बांधायचीच नाही.

डॉ. नोच्या समुद्राखालच्या दालनातल्या काचेमागे माशांचं तयार फुटेज पडद्यावर मागून टाकलं होतं. छोटे मासे अगडबंब दिसू लागले, तेव्हा काच भिंगासारखी आहे असा संवादच घालून टाकला. रीशूटपेक्षा एक वाक्य स्वस्त पडतं.

बाँडच्या अंगावर कोळी चढतो त्या दृश्यात बाँड झालेला शॉन कॉनरी आणि कोळी यांच्यामध्ये काच होती. ती जाणवली, म्हणून काही शॉट स्टंटमन बॉब सिमन्सच्या उघड्या अंगावर घ्यावे लागले. काच दोन कारणांनी उघडी पडते. पहिलं, दिव्याचं प्रतिबिंब: कॅमेऱ्यामागे काळं कापड लावा आणि पोलरायझर (प्रतिबिंब कमी करणारा लेन्सवरचा फिल्टर) फिरवून बघा, त्यात दीड-दोन स्टॉप प्रकाश जातो (एक स्टॉप म्हणजे प्रकाश निम्मा), तो आधीच धरून चाला. दुसरं कारण बेरकी आहे. पाय कातडीला टेकत नाहीत, त्यामुळे कोळ्याची सावली त्याच्यापासून सुटलेली दिसते. काच अंगापासून एक सेंमीच्या आत आणा आणि दिवा कॅमेऱ्याच्या जवळ ठेवा. जिवंत कोळी वापरूच नका, रबराचा पुरतो.

आता चित्रपटाच्या सुरुवातीचं ते दृश्य: बंदुकीच्या नळीतून चालत येणारा माणूस दिसतो. शीर्षकं रचणाऱ्या मॉरिस बाइंडरने खऱ्या नळीतून पिनहोल कॅमेऱ्याने (लेन्सऐवजी बारीक छिद्र असलेल्या) शूट केलं, कारण नळीची दोन्ही टोकं एकाच वेळी लेन्सच्या फोकसमध्ये येईनात. तुम्ही 20 सेंमी लांबीचा पीव्हीसी पाइप घ्या आणि आत पुठ्ठ्याच्या चार पातळ पट्ट्या पीळ देऊन चिकटवा. चकाकणारी टेप नको. कॅमेऱ्याच्या बॉडी कॅपला (लेन्सच्या जागी लागणाऱ्या झाकणाला) 6 मिमी भोक पाडून त्यावर शीतपेयाच्या डब्याचा पत्रा लावा आणि पत्र्याला सुईच्या टोकाने बारीक छिद्र करा: डीएसएलआरला (आत आरसा असलेल्या कॅमेऱ्याला) 0.3 मिमी, मिररलेसला (बिनआरशाच्या) 0.2. छिद्राची कड 600 नंबरच्या पॉलिश पेपरने घासा, नाहीतर चित्र भुरकट येतं. पाइपच्या दूरच्या तोंडावर ट्रेसिंग पेपर लावून मागून दिवा द्या. डीएसएलआरवर हे छिद्र म्हणजे जवळपास एफ/150 (एफचा आकडा जितका मोठा, तितका प्रकाश कमी). एफ/8 ला 1/60 सेकंद पुरत असेल तिथे सहा सेकंद द्यावे लागतील, म्हणून ट्रायपॉडवर स्थिर फोटोच काढा. चालत येणारा माणूस पांढऱ्या पडद्यासमोर वेगळा शूट करून मधल्या गोलात बसवा. 'डॉ. नो'मध्ये तो माणूस कॉनरी नाही, सिमन्सच आहे. इतक्या लांबून कोण चेहरा बघतंय!