पुण्या-मुंबईची नोकरी आणि नागपूरचं घर: बेत कसा आखावा

घरून काम करायची कायमची मुभा मिळाली की नागपूरला यायचा विचार करणारे आता बरेच भेटतात. कोणाचं माहेर विदर्भातलं असतं, कोणाला मोठं घर आणि गर्दीपासून सुटका हवी असते. सगळ्यांना मी एकच सांगते, घर घेताना भाड्याच्या आधी मे महिन्याचा विचार करा. नागपूरचं राहणं पुण्या-मुंबईपेक्षा खरंच स्वस्त आहे. पण घर चुकीचं निघालं, तर ती बचत उन्हाळ्याच्या वीजबिलात जाते आणि दुपारी डोकं चालत नाही ते वेगळंच.

१. आधी उन्हाळ्यात राहून बघा

डिसेंबर-जानेवारीतलं नागपूर कोणालाही आवडेल. सकाळचा गारवा, बाजारात संत्र्यांचे ढीग. पण त्याच दिवसांत विधिमंडळाचं हिवाळी अधिवेशन असतं, हॉटेलं भरलेली असतात आणि सिव्हिल लाइन्सकडे जागोजागी बंदोबस्त लागतो. घर शोधायला ही वेळ बरी नाही. मे महिन्यात दोन-तीन आठवडे भाड्याच्या खोलीत राहा आणि रोजचं काम तिथूनच करा. २५ मेच्या सुमाराला नवतपा, म्हणजे कडक उन्हाचे नऊ दिवस, लागतो, तो अनुभवलात तर उत्तम. पारा ४५ अंशांवर असताना दुपारी तीनची मीटिंग कशी जाते, हे कळल्याशिवाय वर्षभराचा करार करू नये.

२. मधला मजला, उत्तरेची खोली

गच्चीखालचा फ्लॅट स्वस्त मिळतो, त्याचं कारण मे महिन्यात कळतं. दिवसभर तापलेला स्लॅब रात्री उशिरापर्यंत खोलीत आग ओकतो. अमेरिकेच्या वेळेवर काम करणाऱ्यांनी तर तिकडे फिरकूच नये. न्यूयॉर्कचे सकाळचे नऊ म्हणजे उन्हाळ्यात आपले संध्याकाळचे साडेसहा, म्हणजे तुमचं काम सुरू होतं तेव्हाच घर सगळ्यात जास्त तापलेलं असतं. वरचाच मजला घ्यावा लागला, तर गच्चीला पांढरा उष्णतारोधक रंग किंवा निदान चुना लावून द्यायचं घरमालकाकडून आधीच कबूल करून घ्या.

तळमजल्याचा प्रश्न वेगळा आहे. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अतिवृष्टीने अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदीकाठच्या वस्त्यांत घराघरांत पाणी शिरलं. अंबाझरी लेआउट, डागा लेआउट, कॉर्पोरेशन कॉलनी ही चांगली मानलेली वस्ती, पण तिथे तळमजला बघत असाल तर शेजारच्या काकूंना विचारा, ‘तेव्हा पाणी कुठवर आलं होतं?’ त्या भिंतीवर हात ठेवून दाखवतील.

म्हणून मधला मजला घ्यावा आणि कामाची खोली उत्तरेला असावी. पश्चिमेच्या भिंतीला टेबल लावू नका. घर बघायला दुपारी चारला जा आणि त्या भिंतीला हात लावून बघा. सकाळी घर दाखवायचा आग्रह धरणाऱ्या दलालाला नम्रपणे नाही म्हणा.

वस्ती निवडताना मेट्रो जवळ असली तर सोयीचं. खापरी ते ऑटोमोटिव्ह चौक आणि प्रजापती नगर ते लोकमान्य नगर या दोन मार्गिका सीताबर्डीला मिळतात. धरमपेठ, रामदासपेठ मध्यवर्ती आणि महाग. प्रताप नगर, त्रिमूर्ती नगर कुटुंबांना मानवतात. मनीष नगर, बेसा भागात नव्या इमारती आहेत. तिथे पाणी नळाचं की टँकरचं, एवढं नक्की विचारा.

३. कूलर नीट बसवा

नागपूरच्या कोरड्या उन्हाळ्यात कूलरसारखं दुसरं काही नाही. दीड टनी एसीला साधारण दीड हजार वॅट लागतात, घरगुती कूलर दोनशेच्या आसपास चालतो. महावितरणचा दर युनिट वाढतील तसा वरच्या टप्प्यात जातो, म्हणून हा फरक बिलात चांगलाच जाणवतो.

कूलर खिडकीबाहेर बसवायचा असतो. त्यासाठी ग्रिल आणि लोखंडी स्टँड आहे का, जवळ पाण्याचा नळ आहे का, हे घर बघतानाच पाहा. खोली गच्च बंद करू नका. समोरची खिडकी थोडी उघडी राहिली तरच हवा फिरते, नाहीतर नुसती दमट होते. मार्चमध्ये ताट्या, म्हणजे कूलरच्या बाजूंच्या गवताच्या जाळ्या, बदलून घ्या. लोखंडी कूलर असेल तर इलेक्ट्रिशियनकडून अर्थिंग तपासून घ्या आणि पाणी भरताना बटण बंद करून प्लग काढा. शॉक लागून माणसं जातात, यात हयगय नको. जूनच्या मध्याला पाऊस आला की कूलर उपयोगाचा राहत नाही. तेव्हा टाकी रिकामी करून कोरडी ठेवा, नाहीतर डेंग्यूचे डास होतात. त्या दमट दिवसांसाठी कामाच्या खोलीपुरता एक एसी असलेला बरा.

४. वीज आणि नेट

फायबर त्याच इमारतीत पोचलं आहे का, हे कंपनीला विचारण्यापेक्षा वरच्या मजल्यावरच्या कॉलेजच्या मुलाला विचारा. दुसऱ्या कंपनीचं सिम हाताशी ठेवा. वीज गेली तर म्हणून इन्व्हर्टर घ्या, त्यावर राउटर, पंखा, लॅपटॉप आणि चांगल्या बॅटरीवर कूलरही चालतो.

५. करार

महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ प्रमाणे लीव्ह अँड लायसन्स करार लेखी आणि नोंदणीकृत हवा, आणि नोंदणीची जबाबदारी घरमालकाची असते. नोंदणी ऑनलाइन होते. ‘काकाजी, नोंदणी करूनच घेऊ, तुम्हालाही बरं’, असं सुरुवातीलाच म्हणावं. भाडेकरूची माहिती पोलिसांकडे द्यावी लागते. भाडेकरू परदेशी नागरिक असेल, तर मालकाने २४ तासांत त्याची माहिती ऑनलाइन भरायची असते, आणि आपला व्हिसा कामाला परवानगी देतो का हे त्या भाडेकरूने येण्याआधीच तपासावं.

६. दिवसाची घडी आणि माणसं

उन्हाळ्यात बाहेरची सगळी कामं सकाळी नऊच्या आत. युरोपातल्या कंपन्यांचं काम करणाऱ्यांना हे छान जमतं, कारण बर्लिनचे नऊ म्हणजे तेव्हा आपले दुपारचे साडेबारा. सकाळी फुटाळा तलावावर किंवा सेमिनरी हिल्सला चक्कर, वाटेत तर्री-पोहे, गोकुळपेठ बाजारातून भाजी, मग काम.

घरून काम करणारा माणूस नव्या शहरात एकटा पडतो आणि त्याची काळजी मला उन्हापेक्षा जास्त वाटते. इथली माणसं पटकन आपलंसं करतात, पण पहिलं पाऊल तुम्हाला टाकावं लागतं. तान्ह्या पोळ्याला, म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, शेजारची मुलं लाकडी बैल घेऊन दारी येतील. खाऊ आणि सुटे पैसे तयार ठेवा. त्याच दिवशी निघणारी मारबतीच्या पुतळ्यांची मिरवणूक बघायला सोबत कोण येतं ते विचारा. महिन्याकाठी ऑफिसला तोंड दाखवायचं असेल, तर मुंबईला विदर्भ एक्सप्रेस किंवा दुरांतोने रात्रीत पोचता येतं. तिकीट मात्र तारीख ठरली त्याच दिवशी काढा, दिवाळी आणि मे महिन्यात शेवटच्या आठवड्यात जागा मिळत नाही.