अरबी अक्षरातून चित्र काढायचं म्हणता, तर...

बीएफएच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाला आलेली एक-दोन मुलं हमखास विचारतात, "सर, कॅलिग्राफीतून पेंटिंगकडे जायचंय, अरबीत करू का?" फोनवर नमुनेही तयार असतात. निळी पार्श्वभूमी, सोनेरी वर्ख, मधोमध एक झोकदार फटकारा. काय लिहिलंय, ते मात्र सांगता येत नाही. अशांना मी सुदानचे चित्रकार इब्राहिम एल-सलाही यांच्याबद्दल वाचायला लावतो. चित्रं नंतर बघा, आधी माणूस कसा कसा पुढे गेला ते बघा. अक्षरातून चित्र कसं येतं आणि तोवर पोट कशावर चालतं, दोन्ही तिथे उघड दिसतं.

सलाहींचा जन्म १९३० चा, खार्टूमसमोर नाईलच्या पलीकडे असलेल्या ओम्दुर्मानमधला. वडील घरीच कुराणशाळा चालवायचे. मुलं लाकडी फळीवर बोरूनं लिहायची आणि ठरावीक भाग पाठ झाला की ती फळी नक्षीनं सजवली जायची. अक्षर आणि नक्षी लहानपणापासून एकाच फळीवर! पुढे खार्टूमच्या गॉर्डन मेमोरियल कॉलेजात कलाशिक्षण झालं आणि शिष्यवृत्तीवर १९५४ ते १९५७ लंडनच्या स्लेड स्कूल या कलाशाळेत. परतल्यावर खार्टूमलाच शिकवायची नोकरी. इथवरचं कुणाही हुशार विद्यार्थ्याचं असतं तसंच.

खरी गोष्ट यानंतर सुरू होते. लंडनमध्ये केलेली कामं त्यांनी खार्टूमच्या ग्रँड हॉटेलात मांडली. उद्घाटनाला लोक आले, नंतर फिरकले नाहीत. आपल्याकडच्या कित्येक प्रदर्शनांचं हेच होतं आणि आपण प्रेक्षकांना नावं ठेवून मोकळे होतो. सलाहींनी चित्रं काढणं थांबवलं आणि ते देशभर हिंडले. लोकांच्या घरांत नक्षी होती, अक्षरं होती, हातानं केलेल्या वस्तू होत्या. सौंदर्य भरपूर होतं, फक्त ते कॅनव्हासवर नव्हतं. मग त्यांनी चित्राच्या कोपऱ्यात छोटंसं अरबी लेखन घालायला सुरुवात केली. लोक जरा जवळ येऊन बघू लागले. हळूहळू अक्षर कोपरा सोडून चित्रभर पसरलं. शेवटी त्यांनी अक्षरच मोडलं, आणि त्याच्या मोकळ्या झालेल्या अवयवांतून चेहरे, प्राणी, झाडं निघू लागली. वडिलांच्या निधनानंतरचं १९६४ चं 'द लास्ट साउंड' पाहा. तिथे वाचायला फारसं काही उरलेलं नाही, तरी अरबी वाचणाऱ्याला ते घरचं वाटेल.

म्हणजे अक्षर त्यांच्याकडे आलं ते प्रेक्षकासाठी. समोरचा माणूस ही अक्षरं रोज बघतो, वाचतो, त्यांच्यासमोर प्रार्थना करतो, हे त्यांना ठाऊक होतं. तुमच्या प्रदर्शनाला येणारा कोण? तो काय वाचतो? याचं उत्तर देवनागरी किंवा मोडी असेल, तर मी तिकडेच जा म्हणेन. उत्तर उर्दू-अरबी असेल, किंवा त्या लिपीची ओढ खरोखरच आतून असेल, तर पुढचं वाचा.

आधी लिपी शिका. नुसती बघून नाही, लिहून आणि वाचून. अक्षरं अठ्ठावीस, पण बऱ्याच अक्षरांचा सांगाडा एकच असतो आणि फरक फक्त नुक्त्यांचा, म्हणजे ठिपक्यांचा. शब्दातल्या जागेप्रमाणे अक्षर रूप बदलतं. अलिफ, दाल, झाल, रे, झे आणि वाव ही सहा अक्षरं पुढच्या अक्षराला जोडली जात नाहीत, त्यामुळे शब्दाच्या मध्येच फट पडते. चित्रकाराला ही फट म्हणजे मोठी देणगी आहे, लय तिथून येते. आपल्याकडच्या मुलांची एक खोड मात्र मोडावी लागते. आपलं अक्षर शिरोरेषेला लटकतं, तर अरबी अक्षर खालच्या रेषेवर बसतं आणि तिच्याही खाली डुबकी मारतं. आपला हात नकळत माथे एका पातळीत आणत राहतो.

मोजमाप नुक्त्यानं होतं. बोरूच्या टोकानं तिरका चौकोनी ठिपका काढायचा आणि अलिफ किती ठिपक्यांचा, अक्षराची खालची गोलाई म्हणजे वाटी किती ठिपक्यांची, ते ठरवायचं. ही पद्धत दहाव्या शतकात बगदादचा वजीर इब्न मुक्ला यानं बसवली असं परंपरा मानते. मी ज्या वयस्क कातिबांकडे, म्हणजे सुलेखनकारांकडे, शिकलो ते कितीतरी दिवस ठिपक्यांपलीकडे जाऊच देत नव्हते. बोरूचा काप चुकला की ठिपका चुकतो आणि ठिपका चुकला की पुढचं सगळंच. दौतीत रेशमाचा गुंता घालतात, त्यानं बोरूवर शाई बेतानं चढते. मार्करनं हे शिकता येत नाही. आणि मुंबईत गुरू शोधाल तर बहुधा उर्दू कातिब भेटतील, त्यांचा हात नस्तालीक या उर्दूच्या शैलीचा, तिरका उतरणारा. नस्ख किंवा सुलुस या अरबीच्या शैली हव्या असतील तर तसं आधीच स्पष्ट विचारा. राष्ट्रीय उर्दू भाषा विकास परिषदेचा सुलेखनाचा अभ्यासक्रम चालतो, त्याची जवळची केंद्रं कुठली ते बघा.

इंटरनेटवरून मजकूर उचलून संगणकात चिकटवू नका. सॉफ्टवेअरची मांडणी अरबीसाठी लावलेली नसेल तर अक्षरं सुटी होतात आणि उलट्या क्रमानं लागतात. अशी चित्रं मी फ्रेम करून, किंमत लावून टांगलेली पाहिली आहेत. कुराणातली आयत पोत म्हणून वापरायची तर त्याआधी दहादा विचार करा.

आता पोटाचं. सलाही शिकवत होते, पुढे लंडनमध्ये सुदानचे सांस्कृतिक अधिकारी झाले, मग मंत्रालयात मोठ्या पदावर. त्यांच्याआधीचे सुदानचेच उस्मान वकीअल्ला उत्तम सुलेखनकार. लंडन आणि कैरो दोन्हीकडे शिकलेल्या या माणसानं नोटा छापणाऱ्या ब्रिटिश कंपनीसाठीही अक्षरं घडवली. नुसत्या कॅनव्हासवर कुणी जगलं नाही, आणि त्यात कमीपणाही नाही. सरकारी पदानं सलाहींना तुरुंगही दाखवला. १९७५ मध्ये फसलेल्या उठावात सामील असल्याच्या आरोपावरून, खटला न चालवता, सहा महिने खार्टूमच्या कोबर तुरुंगात ठेवलं. तिथे लिहायला, चित्र काढायला बंदी. मिळतील त्या कागदाच्या चिठोऱ्यांवर ते चोरून रेखाटायचे आणि वाळूत पुरायचे. त्यातूनच त्यांची पुढची पद्धत आली. एका छोट्या कागदावर सुरुवात करायची, मग त्याला दुसरा, तिसरा जोडत चित्र वाढवत न्यायचं. १९८४-८५ चं 'दि इनेव्हिटेबल' असंच नऊ तुकड्यांचं आहे. भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या, ईझल लावायलाही जागा नसलेल्या पोरांनी हे जरूर करून बघावं.

लंडनच्या टेट मॉडर्न या कलासंग्रहालयात सलाहींचं सिंहावलोकन प्रदर्शन झालं २०१३ मध्ये, वय ब्याऐंशी. घाई असलेल्यांनी हा आकडा लक्षात घ्यावा.

आणि सलाहींच्या भक्तीत कमाला इब्राहिम इस्हाकना विसरू नका. त्या सलाहींच्याच 'खार्टूम स्कूल' या चित्रकारांच्या प्रवाहातल्या, खार्टूमलाच शिकवणाऱ्या. पण १९७६ मध्ये त्यांनी आपल्या विद्यार्थ्यांबरोबर क्रिस्टलिस्ट जाहीरनामा काढला आणि वारशाच्या खुणांवर कलेची ओळख उभी करण्यालाच आव्हान दिलं. मला त्यांचं सगळं पटत नाही, पण शिक्षकानं विद्यार्थ्यांच्या बाजूनं उभं राहून स्वतःच्याच परंपरेशी भांडणं मला फार मोठं वाटतं.

अध्यापनात यायचं असेल तर आपल्याकडे एमएफएला ५५ टक्के आणि दृश्यकलेतली नेट हा सरळ रस्ता आहे. पीएचडीला 'अरबी सुलेखनाचा आधुनिक कलेवरील प्रभाव' असला ढगळ विषय घेऊन येऊ नका, मुलाखतीतच उसवतो. त्यापेक्षा विजापूरच्या इब्राहिम रोजा या आदिलशाही कबरीच्या खिडक्या घ्या. तिथे दगडात अरबी अक्षरंच कोरून जाळी केली आहे, अक्षरांमधल्या मोकळ्या जागेतून उजेड येतो. सोलापूरहून शंभरएक किलोमीटर. एकच खिडकी निवडा, ती पूर्ण वाचून घ्या, ठिपक्यांनी मोजा आणि मग मार्गदर्शक शोधायला निघा.