शाळकरी मुलांच्या घशात घास अडकू नये म्हणून काय करावे

मूल पाच वर्षांचं झालं, शाळेत रुळलं, की घरात द्राक्षं चिरणं बंद होतं. ते आपल्या हातानं जेवतं, सगळं चावतं, मग आता किती लक्ष ठेवायचं, असं वाटणं साहजिक आहे. घास अडकून दगावणाऱ्या मुलांत चार वर्षांखालची मुलं सर्वांत जास्त असतात, हेही खरं. पण वय वाढलं की धोका फक्त आपलं रूप बदलतो. लहानग्यांच्या बाबतीत ताटात काय आहे हे महत्त्वाचं असतं. शाळकरी मुलांच्या बाबतीत ते कसं खाल्लं जातंय, हे त्याहून महत्त्वाचं ठरतं. सुट्टी संपायची घाई, शेजारच्यानं केलेला विनोद, कोण जास्त कोंबतो याची पैज, आणि आसपास एकही मोठं माणूस नसणं. म्हणून या वयात सुरीइतकंच काम सवयींवर करावं लागतं.

आधी घशात काय घडतं ते समजून घ्या

श्वास आणि अन्न दोन्ही घशातून एकाच वाटेनं खाली येतात आणि पुढे वेगळे होतात. गिळताना श्वास क्षणभर आपोआप थांबतो, स्वरयंत्र वर उचललं जातं, स्वरतंतू मिटतात आणि श्वासनलिकेच्या तोंडावर एक लवचिक झाकण येतं. हे सगळं एका सेकंदाच्या आत उरकतं. आता तोंडात घास असताना मूल खदखदून हसलं तर? हसण्याचा भर ओसरला की माणूस खोल श्वास आत ओढतो. त्या वेळी श्वासनलिकेचं तोंड सताड उघडं असतं आणि अर्धवट चावलेला तुकडा हवेसोबत आत खेचला जातो. दचकणं, ओरडणं, धावताना धापा टाकणं, रडता रडता खाणं, सगळीकडे हेच होतं.

मुलांची श्वासनलिका मोठ्यांपेक्षा बरीच अरुंद असते, आणि अरुंद नळीचं गणित फार कठोर आहे. नळीची त्रिज्या निम्मी झाली की त्याच जोरानं तिच्यातून जाणारी हवा निम्मी नाही, सोळाव्या हिश्श्यावर येते. त्यात मुलांच्या खोकल्यालाही मोठ्यांइतका जोर नसतो.

पहिली पायरी: मुलाच्या तोंडात डोकावून पाहा

हे फार कमी पालक करतात. साधारण सहाव्या वर्षापासून पुढचे दुधाचे दात पडू लागतात, म्हणजे तुकडा तोडायचं हत्यारच काही महिने गायब असतं. त्याच सुमाराला पहिल्या कायमच्या दाढा येतात. पुढे नऊ ते बारा या वयात दुधाच्या दाढा एकेक करून पडतात आणि चावण्याची जागा पुन्हा कमी होते. हलणारा दात दुखतो, म्हणून मूल त्या बाजूनं चावत नाही आणि घास तसाच गिळून टाकतं. दातांना तारा लावल्यावर पहिले काही दिवस आणि तारा घट्ट करून आल्यावरही असंच होतं.

म्हणून कितव्या वर्षी काय द्यायचं याचा तक्ता भिंतीला लावून भागत नाही. आठ वर्षांच्या मुलाला गेल्या महिन्यात अख्खं सफरचंद चालत होतं आणि या महिन्यात पुढे दातच नाहीत, तर त्याला पातळ फोडी करून द्या. दाताच्या डॉक्टरांनी तोंड बधिर केलं असेल, तर बधिरपणा पूर्ण उतरेपर्यंत काहीही खायला देऊ नका.

दुसरी पायरी: पदार्थाचा आकार बदला

सर्वांत धोक्याचे पदार्थ म्हणजे गोल किंवा नळीसारखे, दाबले जाणारे आणि निसरडे. अख्खं द्राक्ष, चेरी टोमॅटो, सॉसेज यांसारखे पदार्थ बाटलीला बूच बसावं तसे श्वासनलिकेच्या तोंडावर घट्ट बसतात आणि बाजूनं हवा जायला फट उरत नाही. अमेरिकन अकॅडमी ऑफ पेडिअ‍ॅट्रिक्स या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं २०१० साली या विषयावर काढलेल्या धोरणपत्रात, मुलांचा जीव घेणाऱ्या खाद्यपदार्थांत सर्वांत जास्त वेळा आढळणारा पदार्थ म्हणून हॉट डॉगचं, म्हणजे पावात घालून खायच्या सॉसेजचं, नाव दिलं होतं.

सुरी कशी चालवायची तेही महत्त्वाचं आहे. सॉसेजच्या किंवा गाजराच्या आडव्या चकत्या केल्या तर गोल आकार तसाच राहतो आणि धोका फारसा कमी होत नाही. उभं चिरा. द्राक्षाचे उभे चार भाग, सॉसेजच्या उभ्या पातळ पट्ट्या, गाजराच्या काड्या किंवा सरळ किसून. पाच वर्षांपर्यंत द्राक्षाच्या चार फोडी करण्यात सवलत नको. त्यापुढे मी तरी घाईघाईनं खाणाऱ्या मुलाला सात-आठ वर्षांपर्यंत दोन उभ्या फोडी करूनच देईन. मुलाला ते ‘बाळासारखं’ वाटलं तर वाटू दे.

शेंगदाणे आणि सुका मेवा पाच वर्षांनंतर द्यायला हरकत नाही, पण मूठभर तोंडात टाकायची सवय लागू देऊ नका. पॉपकॉर्नचं तसंच. पीनट बटर चमच्यानं चाटायला देण्यापेक्षा ब्रेडवर पातळ पसरून द्या, कारण त्याचा चिकट गोळा टाळूला आणि घशाला धरून बसतो. मांस धाग्यांच्या आडवं, लहान तुकड्यांत कापा.

चघळायच्या टणक गोळ्या मला या वयातला सर्वांत फसवा पदार्थ वाटतात. गोळी चावायची नसते, तोंडात ठेवायची असते, आणि ती तोंडात ठेवून मूल पळतं, उड्या मारतं, गाडीत झोपी जातं. गोळी द्यायचीच असेल तर ती संपेपर्यंत एका जागी बसायचं, ही अट घाला. च्युइंग गमलाही तीच अट.

छोट्या कपातली, एका दमात तोंडात ओढून घ्यायची जेली मात्र कोणत्याच वयाच्या मुलाला देऊ नका. कोंजॅक नावाच्या कंदाच्या पिठापासून केलेली अशी जेली तोंडात विरघळत नाही आणि ओढताना थेट घशात जाते. मुलं दगावल्यानंतर २००१ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानं तिच्याबद्दल इशारा दिला आणि २००२ मध्ये युरोपीय संघानं तिच्या विक्रीवर बंदी आणली.

तिसरी पायरी: बसून, एक घास, चावून, गिळून, मग बोला

नियम एवढाच आहे, पण तो ‘जेवताना बोलू नकोस’ असा सांगितला तर चालत नाही. जेवताना बोलणारच मुलं, आणि बोलावंही. ‘आधी गिळ, मग सांग, मी थांबलोय’ असं म्हणा आणि खरंच थांबा. तोंडात घास असताना त्याला प्रश्न विचारायचा नाही, गुदगुल्या करायच्या नाहीत, हसवायचं नाही, हे पाळायची जबाबदारी मोठ्यांची आहे. या बाबतीत काका-मामा मंडळींना स्पष्ट सांगावं लागतं.

पडद्याकडे बघत खाणाऱ्या मुलाचं चावण्याकडे लक्ष नसतं. घासामागून घास तोंडात जात राहतात. आडवं पडून खाणं नको. चालत्या गाडीत खाणंही शक्यतो टाळा: रस्त्यात गचके बसतात, मूल मागच्या सीटवर असतं, आणि चालवणाऱ्याला ते आवाज न करता गुदमरतंय हे कळतही नाही.

चौथी पायरी: पैजांबद्दल उघड बोला

कोण भराभर संपवतो, कोण द्राक्ष हवेत उडवून तोंडात झेलतो, कोण तोंडात जास्त मार्शमेलो कोंबून बोलून दाखवतो. हे खेळ मुलं एकमेकांकडून आणि व्हिडिओतून शिकतात. मार्शमेलोच्या या खेळात शाळकरी मुलांचे आणि मोठ्यांचेही जीव गेले आहेत. मार्शमेलो लाळेनं चिकट होतो आणि घशात दाबून बसला की पाठीवर थाप मारूनही सहज सुटत नाही. नुसतं ‘करू नकोस’ म्हणण्यापेक्षा मुलाला वर सांगितलेली हसण्याची आणि श्वास ओढण्याची यंत्रणा समजावून सांगा. आठ-नऊ वर्षांच्या मुलाला कारण कळलं की ते चारचौघांत नाही म्हणू शकतं, आणि कारण सांगून नाही म्हणणं त्याला कमीपणाचं वाटत नाही.

वाढदिवसाच्या समारंभात हे सगळं एकत्र येतं: गोळ्या, पळापळ, हसणं आणि फुगे. फुटलेल्या फुग्याचा तुकडा खाण्याचा पदार्थ नसला तरी तो तोंडात घालणारी मुलं असतात, आणि तो घशावर चिकटला की काढणं फार अवघड. तुकडे लगेच उचला.

पाचवी पायरी: डबा घड्याळ लावून तपासा

शाळेत चिरून द्यायला कोणी नसतं, म्हणून डब्यातलं सगळं घरीच चिरलेलं हवं. दुसरी गोष्ट वेळेची. सुट्टीच्या दिवशी तोच डबा घरी द्या आणि मुलाला निवांत चावून संपवायला किती वेळ लागतो ते पाहा. पंचवीस मिनिटं लागत असतील आणि शाळेत खायला पंधराच मिनिटं मिळत असतील, तर उरलेली दहा मिनिटं ते न चावता भरून काढतं. डबा हलका करा, मऊ पदार्थ ठेवा, आणि पूर्ण संपवलाच पाहिजे ही सक्ती सोडा.

शाळेला दोन प्रश्न विचारा: खाण्याच्या वेळी वर्गात कोण असतं, आणि त्यांना प्रथमोपचार येतो का? घरात धाकटं भावंड असेल तर मोठ्याला सांगून ठेवा की आपल्या हातातला खाऊ त्याला द्यायचा नाही. ताईनं प्रेमानं दिलेला शेंगदाणा लहान मुलांच्या श्वासनलिकेत अनेकदा सापडतो.

सहावी पायरी: मुलाला एकटं न जाण्याचं शिकवा

हे सर्वांत जास्त वेळा सांगा. घास अडकला की मोठी मुलं बावरतात, चारचौघांत शोभा नको म्हणून उठतात आणि स्वच्छतागृहाकडे जातात. तिथं त्यांना बघायला कोणी नसतं. मुलाला सांगा: घशात काही अडकलं तर वर्गातून बाहेर जायचं नाही, दोन्ही हातांनी गळा धरायचा आणि जवळच्या मोठ्या माणसासमोर जाऊन उभं राहायचं. आवाज निघत नसेल तर बाक वाजवायचा. मित्राला असं होताना दिसलं तर ओरडून शिक्षकांना बोलवायचं आणि त्याला सोडून जायचं नाही. घरी दोन-तीनदा खेळासारखा सराव करून घ्या, म्हणजे ऐन वेळी आठवतं.

तरीही अडकलंच तर

मूल जोरात खोकत असेल, बोलत किंवा रडत असेल, तर हवा जाते आहे. त्याला खोकू द्या, धीर द्या, शेजारी थांबा. पाणी पाजू नका, तोंडात बोट घालू नका. बोटानं तुकडा आणखी खाली ढकलला जातो.

खोकल्याचा आवाज येत नाही, बोलता येत नाही, ओठ निळसर पडतात, तर हवा बंद झाली आहे. मग क्षणही दवडू नका. हा क्रम एक वर्षावरील मुलांसाठी आहे:

१. कोणाला तरी आपत्कालीन मदत बोलवायला सांगा आणि स्वतः लगेच कामाला लागा.

२. मुलाला कमरेतून पुढे वाकवा, एका हातानं छातीला आधार द्या. तळहाताच्या मनगटाजवळच्या टणक भागानं पाठीवर, खांद्यांच्या दोन पात्यांच्या मधोमध पाच जोरदार फटके मारा. प्रत्येक फटक्यानंतर तुकडा सुटला का ते पाहा.

३. सुटला नाही तर मुलाच्या मागे उभे राहा किंवा गुडघ्यावर बसा. एका हाताची मूठ त्याच्या बेंबीच्या वर, पण छातीच्या हाडाच्या खाली ठेवा, दुसऱ्या हातानं ती धरा आणि पाच वेळा झटक्यानं आत आणि वर ओढा.

४. पाच फटके, पाच दाब, असं आळीपाळीनं करत राहा.

पोटावर दाब देण्याची रीत हेन्री हाइमलिख या अमेरिकी शल्यचिकित्सकानं १९७४ मध्ये मांडली. त्यानंतर अमेरिकेत बरीच वर्षं फक्त पोटावरच भर दिला जायचा. युरोपात पाठीवरचे फटके आधीपासून होते, आणि २०२५ मध्ये अमेरिकन हार्ट असोसिएशननंही पाच-पाचचा हाच क्रम स्वीकारला. म्हणून जुन्या चित्रांत वेगळं दिसलं तर गोंधळू नका.

मूल बेशुद्ध पडलं तर जमिनीवर उताणं झोपवून छातीवर दाब आणि कृत्रिम श्वास सुरू करा. तोंडात तुकडा डोळ्यांना दिसत असेल तरच काढा. हे वाचून येत नाही. पुतळ्यावर सराव करून घेणारा प्रथमोपचाराचा वर्ग एकदा करा. घास शोषून काढणारी उपकरणं विकत मिळतात, पण ती शोधण्यात वेळ घालवू नका. आधी हात वापरा.

प्रसंग निभावल्यावर

पोटावर दाब दिला असेल तर मूल बरं दिसलं तरी डॉक्टरांना दाखवा, कारण आतल्या अवयवांना मार लागलेला असू शकतो. ठसका थांबला पण खोकला राहिला, छातीतून शिट्टीसारखा आवाज येतो, पुढच्या काही दिवसांत ताप आला, तर तुकडा फुप्फुसाच्या वाटेत बसला असू शकतो. असे बरेच तुकडे एक्स-रेमध्ये दिसतच नाहीत, म्हणून ‘खाताना ठसका लागला होता’ हे डॉक्टरांना आवर्जून सांगा, त्याला आठवडे उलटले असले तरी.

काही मुलं त्यानंतर घाबरून घट्ट पदार्थ सोडून देतात. बळजबरी नको. मऊ पदार्थांपासून पुन्हा सुरू करा. वजन घटू लागलं तर बालरोगतज्ज्ञांकडे जा.

आणि एक मूल वेगळं ओळखायला हवं: जेवायला नेहमीच फार वेळ लावणारं, घासागणिक पाणी पिणारं, मांस किंवा ब्रेड टाळणारं, ‘छातीत अडकतंय’ म्हणणारं. त्याला श्वास नीट घेता येतो, अडकतं ते अन्ननलिकेत. त्यामागे इओसिनोफिलिक इसोफॅजायटिस हा अन्ननलिकेला सूज आणणारा, अ‍ॅलर्जीशी निगडित आजार असू शकतो. अशा मुलाला ‘नीट चावून खा’ म्हणून रागावण्याचा उपयोग नसतो. त्याला पोटविकारतज्ज्ञांकडे न्यावं लागतं, आणि दुर्बिणीनं अन्ननलिका पाहून तिचा छोटा तुकडा तपासल्यावरच निदान पक्कं होतं.